पानांवरची काजळी, खोडावरची मुंग्यांची रांग
बागेविषयी वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेल्या पत्रांत झाडे निरनिराळी आणि गावेही निरनिराळी असली, तरी तक्रार बहुतेक एकच आहे : पाने चिकट किंवा काळी होतात, शेंडे आखडतात, फवारण्या करूनही फरक पडत नाही. म्हणून हे सदर या वेळी दारातील शोभेच्या झाडांवरच्या रसशोषक किडींपुरतेच ठेवले आहे.

प्रश्न : आमच्या अंगणात बारा वर्षांचा सोनचाफा आहे. गेल्या दिवाळीपासून त्याची पाने वरून काळी पडू लागली आहेत. झाडाखालची फरशी आणि तिथे लावलेली स्कूटर चिकट होते, खोडावर दिवसभर मुंग्यांची ये-जा असते. रोपवाटिकेतील गृहस्थांच्या सल्ल्याने बुरशीनाशकाच्या दोन फवारण्या केल्या, पण पाने होती तशीच आहेत. आता दुसरे बुरशीनाशक वापरावे का? — एक वाचक, नाशिक

उत्तर : वापरू नये. पानांवरचा काळा थर बुरशीचाच आहे, त्यामुळे रोपवाटिकेतील गृहस्थांनी जे पाहिले ते चुकीचे नाही. मात्र ही काजळी पानाच्या आत शिरत नाही, पानावर सांडलेल्या गोड द्रवावर ती वाढते. एक काळे पान ओल्या फडक्याने पुसून पाहावे, खालून स्वच्छ हिरवे पान निघेल. ज्या गोड द्रवावर ही बुरशी जगते, त्याच द्रवाने आपली स्कूटर चिकट होते आणि त्याच्याच ओढीने मुंग्या वर चढतात. तेव्हा या तिन्ही खुणा एकाच कारणाच्या आहेत, आणि ते कारण आपल्या पत्रात कुठेच आलेले नाही, याचा अर्थ ते अजून आपल्या दृष्टीस पडलेले नाही.

पानाची मागची बाजू, विशेषतः मधली शीर, आणि कोवळ्या फांद्यांची साल नीट पाहावी. तिथे तपकिरी, थोडे फुगीर, मसुरीच्या अर्ध्या दाण्यासारखे उंचवटे दिसतील. ते सालीचेच फोड वाटतात, पण नखाने उचकटले तर सुटतात. ही खवले कीड होय. तिची मादी एकदा जागा धरली की बहुधा तिथून हलत नाही. सोंड झाडाच्या अन्नरसवाहिनीत खुपसून ती तो रस अखंड ओढत राहते. त्या रसात साखर भरपूर आणि शरीर बांधायला लागणारी नत्रद्रव्ये अगदी थोडी असतात. पुरेसे नत्र मिळावे म्हणून किडीला पुष्कळ रस प्यावा लागतो आणि नको असलेली साखर मागून थेंबाथेंबाने टाकून द्यावी लागते. कोकणातील आंबा बागायतदार मोहोरावर ‘खार’ पडला म्हणतात, तो तुडतुड्यांनी टाकलेला असाच द्रव असतो. (लाख देणारा किडाही खवले किडींचाच जवळचा नातेवाईक आहे, ज्या कुळाने आपल्या सोनचाफ्याला छळले त्याच कुळाने आपल्याला बांगड्यांची लाख दिली, ही गंमत आहेच.)

बुरशीनाशक फवारल्याने किडीला काहीच झाले नाही, आणि थोडे नुकसानही झाले असण्याची शक्यता आहे. दमट हवेत या किडींवर वाढून त्यांना मारणाऱ्या काही उपयुक्त बुरशी असतात. आपण घेतलेल्या औषधाने त्यांचाही नाश होऊ शकतो. व्हर्टिसिलियम या नावाने कृषी सेवा केंद्रात मिळणारी पावडर अशाच एका बुरशीची असते.

आता उपाय. पहिला उपाय मुंग्यांचा, कारण मुंग्या गोड द्रवाच्या बदल्यात या किडींची राखण करतात. किडी खायला आलेल्या ढालकिड्यांना आणि किडींच्या अंगात अंडी घालणाऱ्या बारीक गांधीलमाशांना त्या पिटाळून लावतात. खोडाभोवती, जमिनीपासून हातभर उंचीवर, वीतभर रुंद प्लास्टिकची पट्टी घट्ट बांधावी, तिच्या खालच्या कडेशी राहिलेल्या फटी चिखलाने किंवा कापसाने बुजवाव्यात आणि पट्टीवर ग्रीस लावावे. ग्रीस थेट सालीवर फासू नये. पट्टीवर धूळ बसली की ग्रीस बदलावे, आणि तीन-चार महिन्यांनी पट्टी सोडून सालीला मोकळा श्वास घेऊ द्यावा. एवढे करूनही मुंग्या वर दिसल्या, तर एखादी फांदी कंपाउंडच्या भिंतीला, तारेला किंवा शेजारच्या झाडाला टेकलेली आहे असे समजावे. ती छाटल्याशिवाय पट्टीचा उपयोग नाही. या एका कामाकडे बहुतेक जण दुर्लक्ष करतात, आणि माझ्या अनुभवात निम्मी झाडे केवळ याच कामाने सुधारतात.

दुसरे काम पाण्याचे. नळीच्या तोंडाला बोट लावून किंवा जोरदार फवाऱ्याने पानांच्या मागच्या बाजूवर आठवड्यातून दोनदा पाणी मारावे. चिकट थर धुतला जातो, धूळ जाते आणि नुकतीच अंड्यांतून निघालेली पिल्ले गळून पडतात. जाड फांदीवरची मोठी खवले मात्र पाण्याने निघत नाहीत. ती जुन्या दात घासण्याच्या ब्रशने, साल न सोलता, घासून काढावीत.

फवारणी करायचीच असेल तर ती पिल्ले फिरत असताना करावी, कारण मोठ्या मादीवरचे खवले औषध आत जाऊ देत नाही. पिल्ले फिरत आहेत की नाहीत हे कळण्यासाठी एका फांदीवर दोन्ही बाजूंनी चिकट असलेली टेप गुंडाळून ठेवावी आणि दर तीन-चार दिवसांनी भिंगातून पाहावी. टेपवर पिवळसर ठिपके चिकटलेले दिसले की फवारणीची वेळ झाली. औषध म्हणून पाच टक्क्यांचा निंबोळी अर्क पुरेसा आहे. घरगुती प्रमाणात अर्धा किलो वाळलेल्या निंबोळ्या भरडून थोड्या पाण्यात रात्रभर भिजवाव्यात, सकाळी फडक्यातून गाळून तो अर्क दहा लिटर पाण्यात मिसळावा आणि त्यात साध्या साबणाचा वीसेक ग्रॅम चुरा विरघळवावा. धुण्याची पावडर घालू नये, तिने कोवळी पाने होरपळतात. रिठ्याचे पाणी असेल तर उत्तम. आधी एका फांदीवर फवारून दोन दिवस पाहावे आणि भर उन्हात कधीही फवारू नये.

राहिली काजळी. मैद्याची किंवा तांदळाच्या पिठाची अगदी पातळ खळ पानांवर फवारली तर ती वाळून तिचे पापुद्रे सुटतात आणि सोबत काजळीही निघते. पण जुनी पाने चकचकीत व्हावीत अशी अपेक्षा धरू नये. पुढे येणारी पालवी स्वच्छ राहते का, एवढेच पाहावे. खवले मेली की नाही हे ओळखण्याची खूण अशी की जिवंत खवल्याला नखाने दाबले तर आतून ओल निघते, मेलेले खवले कोरड्या टरफलासारखे फुटते. मेलेली खवले महिनोन्‌महिने फांदीला चिकटून राहतात, त्यामुळे नुसते पाहून ‘कीड तशीच आहे’ असे ठरवून पुन्हा पुन्हा औषध मारणारे वाचक मला दर वर्षी भेटतात.

प्रश्न : दारात जास्वंद झाडासारखी वाढवली आहे, दीड पुरुष उंचीची. शेंड्याची पाने चुरगळल्यासारखी होऊन त्यांत पांढरा कापूस दिसतो. साबणाचे पाणी मारतो, मध्यंतरी एक कडक औषधही मारले. आता पूर्वीच्या पिठ्यांपेक्षा मोठे, लांब पांढऱ्या केसांचे आणि चपळ असे पिठ्या दिसू लागले आहेत. ते चिमट्याने उचलून रॉकेलमध्ये टाकतो आहोत. आणखी काय करावे? — एक वाचक, तासगाव

उत्तर : सर्वांत आधी तो चिमटा खाली ठेवावा. आपल्या वर्णनावरून जे मोठे, केसाळ आणि चपळ किडे आपण रॉकेलमध्ये टाकत आहात, ते पिठ्या ढेकूण नसून पिठ्या ढेकणांना खाणाऱ्या क्रिप्टोलिमस या ढालकिड्याच्या अळ्या असाव्यात. भक्ष्याच्या कळपात मिसळून जाता यावे म्हणून या अळ्यांच्या अंगावर भक्ष्यासारखेच पांढऱ्या मेणाचे झुबके असतात. ओळखण्याची खूण सोपी आहे : पिठ्या ढेकूण हळू सरकतो, त्याच्या कडेचे केस आखूड आणि सारखे असतात, अळी मोठी असते, केस लांब व विस्कटलेले असतात आणि डिवचले की ती झपाट्याने पळते. याच अळीचा पुढे काळपट पाठीचा व नारिंगी डोक्याचा, ज्वारीच्या दाण्याहून लहान भुंगेरा होतो. मूळचा ऑस्ट्रेलियातला हा भुंगेरा भारतात १८९८ साली आणला गेला, आणि आज आपल्याच तालुक्यातील द्राक्षबागांत मिलीबगसाठी, म्हणजे पिठ्या ढेकणांसाठीच, तो विकत आणून सोडतात. जो मित्र द्राक्ष बागायतदार पैसे मोजून आणतो, तो आपल्या दारी आपणहून आला आणि आपण त्याला रॉकेल पाजले.

मूळ कीड बहुधा जास्वंदीवरचा गुलाबी पिठ्या ढेकूण असावा. तो द्राक्षावरही येतो, त्यामुळे आपल्या भागात तो बारमाही असणे स्वाभाविक आहे. कापसाखालचा एक किडा कागदावर चिरडून पाहावा. गुलाबी डाग पडला तर तोच. डाग पिवळा पडला तर पपईवरचा पिठ्या ढेकूण समजावा. तो मध्य अमेरिकेकडचा. भारतात २००८ साली कोइमतूरजवळ पहिल्यांदा दिसला आणि दोन-तीन वर्षांत पपई, तुती, जास्वंद, चाफा अशा कितीतरी झाडांवर पसरला. २०१० साली त्याच्यावर जगणारी असेरोफॅगस ही सुईच्या टोकाएवढी गांधीलमाशी परदेशातून आणून सोडण्यात आली, आणि ज्या किडीला कोणतेही औषध पुरत नव्हते ती पुष्कळ ठिकाणी या माशीने आटोक्यात आणली. हे एवढ्यासाठी सांगितले की ‘कडक औषध’ मारल्यावर सर्वांत आधी मरतात त्या या माश्या आणि हे भुंगेरे. मेणाखाली, चुरगळलेल्या पानांच्या घडीत लपलेला पिठ्या मात्र वाचतो आणि राखणदार नसलेल्या घरात त्याची संख्या पूर्वीपेक्षा वाढते.

गुलाबी पिठ्याच्या लाळेत असलेल्या द्रव्यामुळे शेंडे आखडतात, ते पुन्हा सरळ होत नाहीत. असे गुच्छ झालेले शेंडे कात्रीने कापून थेट पिशवीत टाकावेत, पिशवीचे तोंड बांधून ती दोन दिवस उन्हात ठेवावी आणि मगच कचऱ्यात द्यावी. कापताना ज्या गुच्छात केसाळ अळ्या असतील तो गुच्छ झाडावरच राहू द्यावा. उरलेल्या कापसावर साबणाचे पाणी नेमके त्या जागी, हाताच्या छोट्या फवाऱ्याने मारावे. नुसते पाणी मेणावरून घरंगळते, साबणामुळे ते आत भिनते. सबंध झाड न्हाऊ घालण्याची गरज नाही. आणि मुंग्यांविषयी सोनचाफ्याच्या उत्तरात जे लिहिले आहे ते इथेही तंतोतंत लागू आहे, कारण हा भुंगेरा मुंग्या असलेल्या झाडावर टिकत नाही.

प्रश्न : सोसायटीच्या फाटकाशी असलेल्या सप्तपर्णीच्या प्रत्येक पानावर हिरव्या फोडांसारख्या गाठी आल्या आहेत. हा रोग माणसांना लागतो का? झाड तोडावे असे काही सभासदांचे म्हणणे आहे. — एक वाचक, पुणे

उत्तर : माणसांना यातून काहीही लागत नाही. सायला नावाच्या लहानशा रसशोषक किडीची पिल्ले पानावर बसली की पान त्यांच्याभोवती गाठ बांधते. पिल्लू आत सुरक्षित वाढते आणि मोठे झाले की गाठ फोडून बाहेर पडते. गाठीच्या आत कोणतीही फवारणी पोहोचत नाही, त्यामुळे त्यावर पैसे घालवू नयेत. लहान झाड असेल तर गाठी आलेली पाने गाठी फुटण्याआधी तोडून नष्ट करावीत. मोठे झाड गाठींसह वर्षानुवर्षे उत्तम जगते, ते फक्त विद्रूप दिसते. केवळ दिसण्यासाठी झाड तोडण्याच्या प्रस्तावाला मी तरी मत देणार नाही, आणि तसेही ‘महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५’ नुसार वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय सोसायटीला ते तोडता येणार नाही.

प्रश्न : आमच्या इमारतीच्या आवारात दोन मोठे रेन ट्री आहेत. एकाच्या वरच्या फांद्या वाळत चालल्या आहेत, बारीक फांद्यांवर पांढरा कापूस दिसतो, खाली चिकट थेंब पडतात. एक कंत्राटदार खोडाला भोके पाडून औषध भरण्याचे आणि उंच यंत्राने फवारण्याचे सांगतो आहे. खर्च मोठा आहे. करावे का? — एक वाचक, मुंबई

उत्तर : मुंबईतील कितीतरी जुने वर्षावृक्ष गेल्या काही वर्षांत पिठ्या ढेकणांनी ग्रासून वाळले, त्यामुळे आपली काळजी रास्त आहे. मूळ दक्षिण व मध्य अमेरिकेतले हे झाड. त्याच्या नावाविषयी एक उपपत्ती अशीही आहे की झाडावर बसलेले रस पिणारे किडे जे थेंब टाकतात त्यांनाच लोक पाऊस समजले. आपल्या गाड्यांवर पडणारा पाऊस त्याच जातीचा आहे.

उंच यंत्राने फवारणी करण्यास माझा स्पष्ट विरोध आहे. साठ-सत्तर फूट उंच आणि तेवढ्याच पसाऱ्याच्या झाडावर, जिथे कापूस आहे त्या काड्यांपर्यंत औषध नेमके पोहोचत नाही. ते वाऱ्यावर खिडक्यांत, पाण्याच्या टाकीवर, खेळणाऱ्या मुलांवर आणि खाली उभ्या असलेल्या फवारणाऱ्याच्याच अंगावर येते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात डोक्याएवढ्या वाढलेल्या कापसावर फवारताना शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा होऊन मृत्यू झाले, हे फार जुने झालेले नाही. डोक्यावर फवारणे हे सर्वांत धोक्याचे फवारणे असते.

खोडात औषध भरण्याची पद्धत शास्त्रात आहे, पण प्रत्येक भोक ही झाडाला झालेली कायमची जखम असते, आणि ज्या झाडाच्या वरच्या फांद्या आधीच वाळल्या आहेत त्यात रस वर चढण्याचा वेग मंदावलेला असल्याने औषध हवे तिथे जाईलच असे नाही. म्हणून कंत्राटदाराला होकार देण्यापूर्वी महापालिकेच्या उद्यान विभागाकडे लेखी अर्ज करून त्यांच्या अधिकाऱ्याकडून झाड पाहून घ्यावे. वाळलेल्या फांद्या पावसाळ्यापूर्वी उतरवणे तर आवश्यकच आहे, आणि तेही परवानगी घेऊनच करावे लागेल.

तोवर जमिनीकडे पाहावे. बुंध्याला चिकटून पेव्हर ब्लॉक किंवा काँक्रीट आहे का? असणारच, असे मी पत्र न पाहताही म्हटले असते. २०१३ साली राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने दिल्लीतील झाडांच्या बुंध्याभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढण्याचा आदेश दिला होता. आपण निदान तेवढे तरी काढावे, जमल्यास जास्त. मुळे न तोडता माती हलकीशी मोकळी करून त्यावर वाळक्या पानांचा चार बोटे थर द्यावा, तो बुंध्याला टेकू देऊ नये, आणि फेब्रुवारी ते मे या काळात आठ-दहा दिवसांनी खोलवर पाणी द्यावे. तहानलेल्या झाडावर पिठ्या ढेकूण झपाट्याने वाढतात; पाणी मिळालेले झाड त्यांना सोसू शकते. दुसरे, अजून निरोगी असलेले झाड वाचवणे हे आपल्या हातात अधिक आहे, म्हणून खर्च करायचा तर आधी त्याच्या बुंध्यावर करावा. खाली आलेल्या कापूस लागलेल्या काड्या त्या झाडाखालून ओढत नेऊ नयेत.

प्रश्न : अंगणातील ताम्हण दर वर्षी एप्रिल-मे महिन्यांत फुलतो. या वेळी पालवीवर हिरवा मावा खच्चून आला आहे. झाडाला महिन्यापूर्वी दोन मुठी युरिया दिला होता. इमिडाक्लोप्रिड मुळाशी ओतल्यास वर्षभर त्रास होत नाही असे ऐकले आहे. — एक वाचक, नागपूर

उत्तर : माव्याला आमंत्रण युरियाने दिले. नत्र वाढले की पालवी लुसलुशीत होते आणि रसातील नत्रद्रव्येही वाढतात. माव्याची मादी नराशिवायच पिल्ले देत असल्याने आठ-दहा दिवसांत त्याची दुसरी पिढी उभी राहते. पुढे युरिया देऊ नये, पावसाळ्याच्या तोंडावर दोन टोपल्या कुजलेले शेणखत पुरे.

इमिडाक्लोप्रिड मुळाशी ओतले की झाडभर पसरते, म्हणूनच ते परिणामकारक ठरते आणि म्हणूनच ते फुलांच्या परागांतही उतरते. ताम्हणाच्या फुलांवर मधमाश्या आणि काळे भुंगे परागासाठी गर्दी करतात. राज्यपुष्पाचे झाड फुलण्याच्या तोंडावर त्यांच्यासाठी विषारी करणे मला पटत नाही, आणि माव्यासाठी त्याची गरजही नाही. रोज सकाळी चार दिवस पाण्याचा जोरदार फवारा मारावा. सोंड मोडून खाली पडलेला मावा सहसा पुन्हा वर चढत नाही. सुजलेले, तपकिरी, कागदासारखे कडक झालेले मावे पानांवर दिसू लागले तर ते तोडू नयेत, त्यांच्या आत गांधीलमाशीची पिल्ले वाढत असतात. नागपूरचा उन्हाळा चढला की उरलेला मावा आपोआप ओसरतो.

प्रश्न : बंगल्यापुढे लावलेल्या शोभेच्या पामच्या आणि नारळाच्या झावळ्यांच्या खालच्या बाजूला पांढऱ्या मेणाची गोल गोल नक्षी आहे, वरच्या बाजूला काजळी. नारळ काढून टाकावा का? — एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : काढू नये. ही रुगोज नावाची चक्राकार पांढरी माशी आहे. भारतात ती २०१६ साली तमिळनाडूतील पोल्लाची भागात पहिल्यांदा आढळली आणि किनाऱ्याने वर सरकली. ती नारळाला मारत नाही. तिच्या पिल्लांत अंडी घालणारी एन्कार्सिया ही गांधीलमाशी तिच्या मागोमाग सगळीकडे पोहोचते. झावळीचा एक तुकडा कापून भिंगाखाली धरावा. रिकाम्या कोशांवर वाटोळे भोक दिसले तर त्यातून गांधीलमाशी बाहेर पडलेली आहे, फाटल्यासारखी चीर दिसली तर पांढरी माशी. वाटोळी भोके निम्म्याहून जास्त असतील तर काहीही फवारू नये आणि अशा झावळ्या तोडून जाळूही नयेत. भोके थोडी असतील तर शेजारच्या एखाद्या जुन्या बागेतून वाटोळ्या भोकांच्या झावळीचे तुकडे आणून आपल्या झाडाला बांधावेत. बुटक्या पामवर पाण्याचा फवारा चालतो. उंच नारळाचे काम जूनमधला पहिला जोराचा पाऊस करतो.